रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, पण कशाचा ते बघा की

पत्र थोडं कापून देतेय, मूळ पत्र बरंच मोठं होतं:

"मॅडम नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागला राहते, घरून डबे देते, रोज ३२ डबे जातात. मोठा मुलगा १९ वर्षांचा, पुण्यात हॉस्टेलला आहे. ५ जूनला गेला तो एकदम ३ ऑगस्टला ताप घेऊनच आला, ताप १ तारखेपासून होता म्हणे. ६ तारखेला डोळे पिवळे झाले. रक्त तपासलं, एसजीपीटी (लिव्हरची सूज दाखवणारा आकडा) १८४०, बिलिरुबिन (काविळीचा पिवळेपणा दाखवणारा आकडा) ७.२ आणि हेपॅटायटिस ए आयजीएम रिॲक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह आलं. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलंय. मग लॅबवाल्यांनीच सुचवलं की सगळ्या घराची टेस्ट करून घ्या, म्हणून ८ तारखेला सगळ्यांचं रक्त दिलं. माझं आणि मिस्टरांचं 'टोटल अँटीबॉडी रिॲक्टिव्ह' आलं. सासूबाईंचं टोटल तर आलंच, वर आयजीएम पण रिॲक्टिव्ह, १.३. त्यांना काहीच त्रास नाही, एसजीपीटी २४ आहे. ११ वर्षांच्या मुलीचं मात्र सगळं नॉन रिॲक्टिव्ह, देवाची कृपा. शेजारच्यांनी बातमी पसरवली की डबेवालीच पॉझिटिव्ह आहे, तिच्याच हातनं पोराला झालं. ११ डबे बंद झाले. मॅडम मला आयुष्यात कधी कावीळ झाली नाही, मग मी पॉझिटिव्ह कशी? डबे बंद करू का? सासूबाई पोराला कावीळ उतरवायला न्यायचं म्हणतायत."

ताई, तुमचं पत्र ९ तारखेचं. मुलीबद्दलचं उत्तर मी सदराची वाट न बघता त्याच दिवशी तुम्हाला मेसेज करून टाकलं कारण त्याला मुदत होती, ते का ते खाली येईलच. बाकीचं निवांत सांगते. आधी एक सांगते, मी डॉक्टर नाही, साताऱ्यात लॅब टेक्निशियन म्हणून नोकरी केली आणि रिटायर झाले, म्हणजे रिपोर्ट कसा तयार होतो ते मला ठाऊक आहे, औषधाचं तुमच्या डॉक्टरांना विचारायचं.

तर तुमच्या घरात पाच रिपोर्ट आलेत आणि मुलाचा सोडला तर बाकीचे लोकांनी उलटे वाचलेत. तुम्हाला आणि मिस्टरांना, पॉझिटिव्ह आलात तरी, या आजाराची भीतीच नाही, आणि जिच्यासाठी देवाची कृपा म्हणताय तीच एकटी उघड्यावर आहे.

कसं ते सांगते. हेपॅटायटिस ए ही पाण्या-अन्नातनं येणारी कावीळ, तिचा विषाणू पोटात गेला की शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं, आणि ती दोन टप्प्यांत येते असं समजा. पहिली येते आयजीएम, ही घाईघाईनं उठून आलेली फौज, ताप-उलट्या सुरू व्हायच्या आधी पाच-दहा दिवसच रक्तात दिसायला लागते आणि साधारण तीन ते सहा महिन्यात विरून जाते, क्वचित कुणात वर्षभर पण रेंगाळते. तिच्या मागोमाग येते आयजीजी, आणि ती आली की जात नाही, जन्मभर राहते, आणि ती असेपर्यंत हेपॅटायटिस ए पुन्हा होत नाही. म्हणून आजार आत्ताचा आहे का हे विचारायचं असेल तर फक्त आयजीएम बघायची. आता 'टोटल' म्हणजे काय, तर या दोन्ही मिळून. टोटल रिॲक्टिव्ह आणि आयजीएम नॉन रिॲक्टिव्ह म्हणजे काय उरलं? नुसती आयजीजी उरली, म्हणजे एकतर तुम्ही लस घेतलीय किंवा कधीतरी जुन्या काळी हा आजार तुमच्या अंगावरून गेलाय. तुमच्या रिपोर्टचं खालचं पान काढा, आयजीएमच्या पुढं नॉन रिॲक्टिव्हच असणार, कारण ती आली असती तर सासूबाईंसारखी ती पण तुम्ही पत्रात लिहिलीच असती.

आणि मला कधी कावीळ झालीच नाही म्हणता ना, खरंय तुमचं, झाली नसेलच. सहा वर्षांच्या आतल्या पोरांना हा विषाणू लागला तर दहातल्या सात जणांना काही कळतच नाही, एक-दोन दिवस जेवत नाही, कुरकुर करतं, आई म्हणते दात येतायत नाहीतर बाधलंय काहीतरी, आणि संपलं. तुमच्या-माझ्या पिढीनं आडाचं, नदीचं, मिळेल ते पाणी पिऊन वाढायचं काम केलंय, आपल्यातल्या बहुतेकांचं हे लहानपणीच उरकून गेलंय. गंमत बघा, आता घरोघरी फिल्टर आले, पोरं स्वच्छतेत वाढली ती चांगलीच गोष्ट आहे, पण मग विषाणूची पहिली गाठ पडते ती हॉस्टेलच्या मेसमध्ये, १९ व्या वर्षी, आणि मोठ्या वयात हा आजार गुपचूप जात नाही, बहुतेक वेळा डोळे पिवळे करूनच जातो. तुमच्या पोराचं नेमकं हेच झालंय.

बरं एक विचारू? तुमच्या मिस्टरांचा रिपोर्ट हुबेहूब तुमच्यासारखाच आहे. त्यांना कुणी म्हणालं का की कामावर जाऊ नका म्हणून? नाही ना. असू दे.

आता 'तिच्याच हातनं पोराला झालं' याचा हिशोब करू, बोटं मोडून करण्यासारखा आहे. विषाणू पोटात गेल्यापासून त्रास सुरू व्हायला कमीत कमी १५ दिवस, जास्तीत जास्त ५०, आणि सरासरी २८ दिवस लागतात. ताप आला १ ऑगस्टला. मागं मोजा, १२ जून ते १७ जुलै या मधल्या कुठल्यातरी दिवशी त्याच्या पोटात ते गेलं. आणि पोरगं ५ जूनपासून तुमच्या हातचं जेवलेलंच नाही! म्हणजे जे काय झालं ते तिकडं झालं, मेस असेल, टपरीवरचा बर्फ असेल, पाण्याची टाकी असेल. मला वाटतं हे एवढं एक वाक्य तुम्ही शेजारच्या वहिनींना कॅलेंडर हातात देऊन सांगा. आणि हॉस्टेलवर पण फोन करून कळवा, कारण त्याच्याबरोबर आणखी पोरं आजारी असू शकतात, एकटा एक पेशंट सहसा नसतो.

आता सासूबाई. त्यांची आयजीएम १.३ रिॲक्टिव्ह. ताई, यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण लॅबमध्ये उभं राहून हे मी बघितलंय. ही टेस्ट एलायझा नावाच्या पद्धतीनं करतात, त्याची एक प्लॅस्टिकची प्लेट असते, ९६ छोट्या वाट्या, आपल्या आप्पेपात्राचं धाकटं भावंड म्हणा. प्रत्येक वाटीच्या तळाला असं काही लावलेलं असतं की ते पेशंटच्या रक्तातल्या आयजीएमना धरून ठेवतं, सगळ्या आयजीएमना. मग त्यात विषाणूचा अंश टाकायचा, ज्या वाटीत हेपॅटायटिस ए ची आयजीएम बसलेली असेल तिथंच तो चिकटतो, बाकी ठिकाणचा धुवून जातो. मग रंग देणारं रसायन. जिथं चिकटलंय तिथं पाणी निळं व्हायला लागतं आणि शेवटी ॲसिड टाकलं की पिवळं होतं. मशीन त्या पिवळेपणाचा आकडा काढतं आणि ठरवलेल्या रेषेशी भागतं. म्हणजे हो-नाही असं काही वाटीत लिहिलेलं नसतं, एक आकडा असतो आणि एक रेषा असते, प्रत्येक किटची रेषा वेगळी, रेषेच्या अलीकडं-पलीकडं एक संशयाचा पट्टा असतो. तुमच्या मुलाचा आकडा किती ते तुम्ही लिहिलं नाही, पण अशा पोरांचा तो बऱ्याचदा रेषेच्या खूप वर असतो. सासूबाईंचा १.३ म्हणजे उंबऱ्यावर उभं राहिल्यासारखा आहे. असा आकडा दुसऱ्याच कशानं पण येतो, संधिवाताच्या काही पेशंटच्या रक्तात एक घटक असतो तो या टेस्टला फसवतो, वयस्कर माणसात उगीचच येतो. म्हणून नियमच आहे की ही टेस्ट ज्याला त्रास आहे त्याचीच करायची. ज्याला ताप नाही, उलटी नाही, कावीळ नाही, एसजीपीटी वाढलेलं नाही त्याची आयजीएम करत बसलं की खोटे पॉझिटिव्ह हाताला लागतात आणि घरात रडारड होते.

आणि तारखेनं पण जमत नाही बघा. पोरगं ३ तारखेला आलं, सासूबाईंचं रक्त ८ तारखेला दिलं. पाच दिवसात लागण होऊन आयजीएम तयार होऊन रिपोर्टमध्ये येत नसते. त्यांना जुनी आयजीजी असणार, एसजीपीटी २४ म्हणजे एकदम नॉर्मल, त्यांना काही झालेलं नाही. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, ते म्हणाले तरच महिन्याभरानं परत करा, नाहीतर तो कागद फाईलला लावा आणि विसरा. मला राग येतो तो सगळ्या घराचं पॅकेज गळ्यात मारणाऱ्या लॅबचा. मी स्वतः याच धंद्यात आयुष्य काढलं म्हणून हक्कानं बोलतेय.

याची उलटी बाजू पण एकदा मी भोगलीय. आमच्याकडं एक पोरगी आलेली, दोन दिवसांचा ताप, उलट्या, डोळे अजून पांढरेच. कार्ड टेस्ट केली, गरोदरपणाच्या टेस्टला असतात तशा रेघा, त्यात आयजीएमची रेघ नाही आली. घरचे म्हणाले चला सुटलो. सहा दिवसांनी तीच पोरगी परत आली, सेंट्रीफ्यूजमधून, म्हणजे रक्त फिरवून वेगळं करणाऱ्या मशीनमधून, ट्यूब काढली तर वरचं सिरम हळद कालवलेल्या पाण्यासारखं, आणि आता आयजीएम ठळक. पहिलं रक्त लवकर पडलं होतं इतकंच. तेव्हा लक्षणं तशीच आहेत आणि आयजीएम निगेटिव्ह आलीय तर आठवड्यानं परत रक्त द्यायचं, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते.

आता मुलगी. टोटल नॉन रिॲक्टिव्ह म्हणजे तिच्याकडं ना नवी फौज ना जुनी, आणि भाऊ घरात. कावीळ दिसायच्या आधीचे दोन आठवडे आणि दिसल्यावर साधारण एक आठवडा पेशंटच्या शौचातून विषाणू जातो. म्हणजे पोरगं ३ तारखेला घरात पाऊल टाकलं तेव्हा भरात होतं आणि १३ तारखेपर्यंत जपायचंय. संपर्क आल्यापासून १४ दिवसांच्या आत लस दिली तर ती आजार अडवू शकते, म्हणजे १७ ऑगस्टच्या आत, म्हणून तो मेसेज. तुम्ही दुसऱ्याच दिवशी तिला बालरोगतज्ज्ञांकडं नेऊन लस दिलीत हे वाचून बरं वाटलं. डॉक्टर पुढचा डोस सांगतील, एक लस दोन डोसची असते सहा महिन्यांच्या अंतरानं, एक एकाच डोसची, कुठली दिलीय ते कार्डवर लिहून घ्या. ही लस सरकारी मोफत यादीत नाही, पैसे पडतात, पण बारा महिन्यांच्या पुढं कुठल्याही पोराला देता येते. आणि हो, आता उत्सुकता म्हणून तिची आयजीएम परत करू नका! लसीनंतर काही आठवडे काही जणांची आयजीएम थोडी पॉझिटिव्ह दिसते, मग परत तुम्ही मला रात्री पत्र लिहाल. महिना-दीड महिना फक्त नजर ठेवायची, ताप, उलट्या, लघवी चहासारखी गडद झाली तर दाखवायचं.

पोराचं थोडक्यात. हेपॅटायटिस ए ला विषाणू मारणारं औषध नाही आणि बहुतेकांना लागतही नाही, आराम, पाणी, जेवेल तसं जेवण. हा आजार बी किंवा सी सारखा लिव्हरमध्ये मुक्कामाला राहत नाही, बरा झाला की गेला. लोक बी ला पांढरी कावीळ म्हणतात आणि मग प्रत्येक कावीळीला ती पांढरी आहे का म्हणून घाबरतात, तुमच्याकडं पण कुणीतरी म्हणालं असेलच. एसजीपीटीचा १८४० आकडा बघून पोटात गोळा येतो खरा, पण या आजारात तो हजारात जातोच, तो आकडा एकटा काही सांगत नाही. डॉक्टरांना विचारा पीटी-आयएनआर केलंय का, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते त्यात कळतं आणि लिव्हर खरंच दमलंय का हे त्यावरून दिसतं. पोरगं गुंगीत जायला लागलं, असंबद्ध बोललं, हिरड्यातनं रक्त आलं, उलट्या थांबेनात, तर रात्र असो दिवस असो उचलून मिरजेला न्यायचं, तुमच्यापासून दहा-पंधरा मिनिटांवर एवढे दवाखाने आहेत, थांबायचं नाही. पॅरासिटामॉल मनानं द्यायचं नाही, डॉक्टर सांगतील तेवढंच. कुणी दिलेली पुडी, मुळी, नाकात टाकायचे थेंब काहीही नको, लिव्हर आधीच सुजलंय त्याच्यावर आणखी ओझं कशाला.

हळदीचं विचारलंय तुम्ही पत्रात खाली. सांगलीत राहून हळद बंद! हळदीच्या एवढ्या मोठ्या बाजारपेठेच्या गावात पोराला बिनहळदीची पांढरी आमटी खायला घालताय. कावीळ पिवळी म्हणून पिवळं खायचं नाही, एवढाच त्याच्या मागचा विचार आहे. फोडणीत चिमूटभर हळद टाकली तर काही होत नाही. तेल पण पूर्ण तोडू नका, मळमळ होतेय तोवर कमी ठेवा. उसाचा रस मात्र गाड्यावरचा नको. कावीळीला चांगला म्हणून लोक धावत जातात आणि त्यात पडतो तो बर्फ कुठल्या पाण्याचा हे कुणी विचारत नाही.

आणि ते कावीळ उतरवणं. सासूबाईंना दुखवू नका, त्यांचं नातवावर प्रेम आहे, पण नेऊ नका. चुन्याच्या निवळीत पोराचे हात धुतात आणि पाणी पिवळं होतं, निघाली बघा कावीळ. आधी हाताला आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळलेला असतो, तो चुन्याला लागला की पिवळा होतोच, कुणाचेही हात धुवा, धडधाकट पैलवानाचे धुवा. डॉ. दाभोलकर आमच्या साताऱ्याचे, डॉक्टरकी शिकले तुमच्या मिरजेत, त्यांनी आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी असले प्रकार गावोगाव करून दाखवले, तरी अजून रांगा लागतात. माळ घालतात ती पण तशीच, गाठी सैल होत जातात तशी लांबते. लोकांना गुण येतो कारण हा आजार मुळात आपोआप बरा होणारा आहे. पण ज्या एखाद्याचं लिव्हर खरंच बिघडत असतं त्याचे तीन-चार दिवस तिथं वाया जातात. सासूबाईंना म्हणावं, तुम्ही घरीच आंब्याची साल घासून माझे हात धुवा, बघू माझी पण निघतेय का.

पुढचा घोळ आत्ताच सांगून ठेवते. महिन्या-दीड महिन्यानं पोरगं परत निघेल तेव्हा हॉस्टेलवाले म्हणतील आयजीएम निगेटिव्ह रिपोर्ट आणा. तो मिळणार नाही, सांगितलं ना तीन ते सहा महिने राहते. बरा झालाय हे एसजीपीटी, बिलिरुबिन आणि डॉक्टरांच्या फिटनेस सर्टिफिकेटवरून ठरतं, आयजीएमवरून नाही. ती टेस्ट एकदा झाली, तिचं काम संपलं. मधे दहातल्या एखाद्याला बरं वाटून परत आकडे चढतात, तसं झालं तर घाबरू नका, तेही उतरतं, फक्त डॉक्टरांना दाखवा.

कुणी म्हणेल एवढं आयजीएम-आयजीजी करत बसायची गरज काय, डोळे पिवळे म्हणजे कावीळ. १९५५-५६ ला दिल्लीत पाण्यातनं कावीळीची मोठी साथ आली, २९ हजारांवर लोकांना कावीळ झाली, त्या वेळी अशी टेस्टच नव्हती, सगळ्यांनी धरून चाललं की ही तीच पाण्यातली कावीळ, हेपॅटायटिस ए. पुढं टेस्ट आल्यावर जपून ठेवलेलं रक्त तपासलं तर ए नव्हतंच ते, तो निघाला वेगळाच विषाणू, आज त्याला हेपॅटायटिस ई म्हणतात. तुमच्या शेजारी इचलकरंजीत २०१२ ला साथ आली ती पण ई चीच होती. दिसायला दोन्ही सारखे, पाण्यातनंच येतात, पण ई गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून तुमच्या डब्याच्या गिऱ्हाइकात, नात्यात कुणी गरोदर असेल आणि तिला कावीळ झाली, तर ई ची आयजीएम पण करा म्हणून सांगा, त्याच दिवशी.

आता डबे. तुम्हाला आयजीजी आहे, तुमच्या शरीरात हा विषाणू वाढू शकत नाही, तुम्ही आजारी पडून कुणाला देणार नाही. डबे बंद करायचं कारण नाही. फक्त पोरगं घरात आहे तोवर हाताचं पथ्य कडक ठेवा, त्याचं संडास-बाथरूम जमलं तर वेगळं, त्यानं १३ तारखेपर्यंत स्वयंपाकघरात यायचं नाही, त्याचं ताट-तांब्या तुम्ही घासलात तर साबणानं हात धुऊनच कणकेला हात. सॅनिटायझरवर विसंबू नका, हा विषाणू त्याला फारसा दाद देत नाही, साबण आणि वाहतं पाणीच पाहिजे. पाणी खळखळ उकळलं की मरतो, कोशिंबीर महिनाभर डब्यातनं काढून टाका, शिजवलेलंच द्या. भाजी चिरायला मावशी येतात असं लिहिलंय तुम्ही, त्यांना विचारा ताप, उलटी, अन्नावर वासना नाही असं काही आहे का, असेल तर पगारी सुट्टी द्या आणि दाखवायला सांगा. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतंय का तेही बघा, ग्रामपंचायतीत करतात तशी ओटी टेस्ट महापालिकेच्या माणसाकडनं करून घ्या, दोन थेंब टाकून पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. तिथं पिवळं चांगलं.

ग्रुपवर काय टाकायचं म्हणून विचारलंय तर हे टाका, मुलाचा रिपोर्ट किंवा तुमचा रिपोर्ट फोटो काढून टाकू नका, तो लोकांना वाचता येत नाही आणि हक्क पण नाही त्यांचा:

"नमस्कार. माझ्या मुलाला हॉस्टेलवर कावीळ झाली, तो घरी आहे, बरा होतोय. माझी तपासणी झाली, मला आजार नाही, माझ्या रक्तात आधीपासून प्रतिकारशक्ती आहे. डब्यातली कोशिंबीर महिनाभर बंद, पाणी उकळलेलं वापरते. कुणाला शंका असेल तर फोन करा, दुसऱ्याला विचारू नका. सोमवारी मेथी, आमटी, भात, ३ चपात्या."